गार खोलीतला कॉम्प्युटर

खजूर पिकवणारा उकाडा सुरू झाला की इराकमधल्या बसऱ्यातलं प्रत्येक घर एका खोलीत येऊन राहतं. बाकीच्या खोल्यांची दारं बंद, पडदे ओढलेले, आणि एसी असलेल्या त्या एका खोलीत गाद्या, उशा, चहाची किटली, पोरंबाळं, आलेगेले, रुसवेफुगवे, सगळं. इब्तिहालच्या घरी त्या खोलीत आणखी एक बिऱ्हाड होतं. तिचा कॉम्प्युटर.

तो कोपऱ्यात, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला असे. दुसऱ्या कोपऱ्यात, त्याच्यापासून जमेल तेवढी लांब, तान्ह्या लेकीची, तीबाची गादी. तीबाला नुकते दात येत होते, आणि जूनपासून मानेवर, पाठीवर, काखेत घामोळं उठलं होतं. आधी नुसतं लाल, मग पाण्याचे फोड, आणि कालपासून अंगात कणकण. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सांगितलं, गारव्यात ठेवा. सांगायला काय जातं? गारवा तरी औषधाच्या दुकानात मिळायला हवा होता.

इब्तिहालने वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती. घर अजून उभंही राहिलेलं नसताना आतून ते कसं दिसेल, याची चित्रं ती कॉम्प्युटरवर करी. भिंती, झुंबरं, जिप्समचं छत, छतात लपवलेले दिवे. चित्र मांडायची ती, पण प्रत्येक दिव्याचा उजेड कुठे पडेल आणि कुठे सावली राहील हा हिशेब मशीन करी, आणि त्याला तासन् तास लागत. तेवढा वेळ ते पूर्ण ताकदीने घुमत राही. मधेच थांबवलं तर सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

“ही चूल आहे,” उम्म मुहन्नद म्हणे. “नुसता धूर नाही एवढंच.”

उम्म मुहन्नद म्हणजे इब्तिहालच्या नवऱ्याची, मुहन्नदची आई; तिची सासू. सगळ्या सुना हाक मारतात तशी इब्तिहालही तिला आत्या म्हणायची. आत्या वाईट नव्हती. तीबाला मांडीवर घेऊन रात्र रात्र बसायची. पण गेल्या आठवड्यापासून तिने एकच धोशा लावला होता: ते यंत्र तरी खोलीत राहील, नाहीतर माझी नात. आज संध्याकाळी मुहन्नद बंदरावरची पाळी संपवून घरी येणार होता. तो आला की त्याच्याकडून मशीन उचलून गच्चीवरच्या खोलीत न्यायचं, असं तिने सकाळीच जाहीर करून टाकलं. गच्चीवरच्या खोलीत पाण्याची टाकी होती, जुने गालिचे होते, आणि दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर फोड येई इतकं ऊन होतं. तिथे माणूस बसणं शक्य नव्हतं आणि मशीनही चाललं नसतं. म्हणजे काम संपलं. आत्या तसं बोलली नाही, पण दोघींनाही ते कळत होतं.

मुहन्नदला इब्तिहालने फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, आईला काय वाटतं ते बघ, मी दमलोय, आल्यावर बोलू. त्याच्या आवाजामागे क्रेनचा खडखडाट होता. तिने जास्त ताणलं नाही.

न्याहारीला धाकटा दीर लैथ म्हशीच्या मलईत रोटी बुडवून खात बसला होता. अशारच्या बाजारात त्याची कॉम्प्युटर दुरुस्तीची टपरी होती. हे मशीन त्यानेच जोडून दिलं होतं आणि देताना त्यात टर्बो चालू करून दिला होता. टर्बो म्हणजे प्रोसेसरला दिलेली मोकळीक: काम अंगावर आलं की नेहमीच्या वेगापेक्षा जास्त पळ. जूनमध्ये घामोळ्याचा पहिला पुरळ दिसला त्याच दिवशी इब्तिहालने तो बंद करून टाकला. मशीन हळू झालं, पण पंख्याची घरघर कमी झाली. तिला वाटलं, आपण मुलीसाठी एवढं तरी केलं.

“दोन घोड्यांची गाडी तुम्ही गाढवाला जुंपलीत, उम्म तीबा,” लैथ तेव्हा म्हणाला होता.

आज तिनेच विषय काढला. अर्बीलच्या ठेकेदाराचा निरोप आला होता. दिवाणखान्याचं चित्र सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानीपर्यंत हवं, नाहीतर मोसूलची एक मुलगी करून द्यायला तयार आहे. तिने लैथला विचारलं, टर्बो लावला तर मशीन जास्त तापेल का, खरं सांग.

लैथने बोटं चाटली. म्हणाला, अजिबात नाही, काम तेवढंच आहे ना? तापतं ते कामाने, टर्बोने नाही. लोक इंटरनेटवर काहीही लिहितात.

लोक इंटरनेटवर खरंच काहीही लिहीत होते. तीबाला दूध पाजता पाजता इब्तिहालने सगळं वाचून काढलं होतं. एक म्हणे काही फरक पडत नाही, दुसरा म्हणे माझ्या मशीनवर अंडं तळता येतं, तिसरा म्हणे चांगला पंखा घ्या. त्यांच्यापैकी कुणाच्याही खोलीत तान्हं मूल झोपलेलं नव्हतं.

तेव्हा तिने स्वतःच बघायचं ठरवलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर जाऊन टर्बो लावला आणि चित्र सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा आकडा असतो. चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत तो सत्तरीतून नव्वदीकडे गेला. मशीनच्या पाठीमागे हात धरला तर तंदूरच्या तोंडाशी धरल्यासारखं वाटलं. तिने लैथला हाक मारून दाखवलं.

“बरं, तापतं,” लैथ जरा वरमून म्हणाला. “पण त्याला काही होत नाही. ते सोसण्यासाठीच बनवलंय ते.”

“मी मशीनची काळजी करत नाहीये, लैथ.”

तो वाकला. तीबाच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच चिमटा काढला, टोपी घातली आणि दुकानाला निघून गेला.

तिने टर्बो पुन्हा बंद केला आणि चित्र पहिल्यापासून, मंद वेगात लावलं. आपलंच बरोबर निघालं याचं कुणाला समाधान वाटलं असतं. तिला नुसता थकवा आला. बरोबर असून उपयोग काय? चित्र मगरिबपर्यंत होणार नव्हतं.

सरकारी वीज नेहमीसारखीच, न सांगता-सवरता गेली. एसीने एक सुस्कारा टाकला. मशीनखालचा, वीज गेल्यावर त्याला थोडा वेळ तग देणारा बॅटरीचा डबा टीक टीक करू लागला. आत्या बैठकीतल्या भिंतीवरच्या खटक्याकडे गेली आणि तिने तो सरकारी बाजूवरून गल्लीच्या बाजूला ओढला. गल्लीच्या तोंडाशी अबू रहीमचा जनरेटर धडधडत होता. त्याच्याकडून घरात येत मोजून तीन अँपिअर. तेवढ्यात फ्रीज चाले, एक दिवा, एक पंखा आणि मंद केलेलं मशीन. एसीचं नावही काढायचं नाही. तीनच्या वर ओढलं की त्याच्या पेटीतलं बटण उडे. पेटीला कुलूप, आणि अबू रहीम जेवून, झोपून, नमाज पढून सावकाश येई. मागच्या शुक्रवारी शेजारच्यांनी इस्त्री लावली होती तर अख्खी दुपार ती माणसं उंबऱ्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती.

पंखा फिरू लागला. खोलीत अजून गारवा होता, दार बंद होतं. इब्तिहाल मोरीत तीबाची दुपटी धुवायला गेली. टाकीचं पाणी इतकं कढत होतं की साबण हातात विरघळून जाई. दुपटी पिळता पिळता तिला तीबाचं रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग तो सोलून काढल्यासारखा सूर.

आत आली तर आत्या पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. खोली तापली होती. गारवा कुणीतरी चमच्याने खरवडून खाल्ला असावा तसा गेला होता.

“बघ,” आत्या एवढंच म्हणाली आणि हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली.

इब्तिहाल बघत राहिली. मशीन आपलं शांतपणे, हळू हळू, गरम श्वास सोडत बसलं होतं. आकडा सत्तरच्या खालीच होता, सभ्य आणि सुरक्षित. चित्र पाव भागही झालं नव्हतं. सकाळी टर्बो लावून बघितला तेव्हा थोड्या वेळातच दिवाणखान्याची एक अख्खी भिंत उजळली होती.

ओली दुपटी तिच्या हातातच राहिली. गेल्या कितीतरी दिवसांच्या दुपारी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तीबा केव्हा रडते? वीज असताना कधीच नाही. एसी चालू असताना मशीनने आणखी थोडी उष्णता टाकली तरी एसी ती बाहेर फेकून देतो. ती रडते वीज गेल्यावर, नुसता पंखा असताना, जेव्हा बंद खोलीत साठवलेला गारवा पुरवून पुरवून वापरायचा असतो. आणि नेमक्या त्याच वेळी मशीन चालूच असतं. का? कारण ते हळू आहे म्हणून. हळू आहे म्हणून काम विजेच्या वेळेत संपत नाही, गल्लीच्या विजेवर रेंगाळतं, आणि तिथे बसून लेकरासाठी राखलेला गारवा खातं. ते हळू कुणी केलं?

ती गादीवर बसली. जूनपासून ती आकड्याकडे बघत होती. मशीन किती तापतं ते बघत होती. केव्हा तापतं ते तिने बघितलंच नव्हतं.

तिने उठून चित्र थांबवलं, झालेलं सगळं गेलं, आणि मशीन बंद केलं. घरघर थांबल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

“हे काय केलंस?” आत्याने विचारलं.

“वीज आली की लावते, आत्या. वीज असेल तेवढाच वेळ.”

“आणि तोवर?”

“तोवर बंद.”

आत्याने मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. तीबा हुंदके देत देत झोपली. खोली आणखी तापली नाही. आत्याच्या ते ध्यानात आलं असावं, कारण तिने दोनदा हात वर करून हवा चाचपून बघितली. पण सुनेला लगेच शाबासकी द्यायची पद्धत तिच्या माहेरी नव्हती.

दुपारी भेंडीचं कालवण आणि भात झाला, सुक्या लिंबाचा चहा झाला, तेव्हा कुठे वीज परतली. एसीने बीप दिलं. इब्तिहालने अर्धा पेला तसाच ठेवला आणि टर्बो लावून चित्र सुरू केलं. आकडा नव्वदीला जाऊन टेकला. मशीनचा पंखा असा सुटला की आत्याने कानावर ओढणी ओढली. पण एसीचा वारा होता. तीबा पालथी झोपून होती, आणि पडद्यावर दिवाणखाना भराभर उजळत होता: आधी दारापाशी, मग सोफ्यावर, मग छताच्या कडेकडेने सोनेरी पट्टी. इब्तिहालने मनातल्या मनात हिशेब केला. वीज नेहमीइतकी राहिली तर काम अगदी आरामात होईल. नेहमीइतकी राहिली तर. बसऱ्यात हे ‘तर’ म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

ती आळीपाळीने तीन गोष्टी बघत होती: पडदा, मूल आणि एसीचा हिरवा दिवा. जूनपासून ती अशीच काहीतरी बघत होती. डोळ्यांच्या खोबणीत वाळू भरल्यासारखं झालं होतं. बाहेर समुद्राकडची दमट हवा कोंडून राहिली होती, काचेला बाहेरून घाम फुटला होता. अंगणातली खजूर हलत नव्हती.

चित्राचा शेवटचा कोपरा तेवढा राहिला आणि हिरवा दिवा गेला.

नेहमीपेक्षा कितीतरी आधी. एसी थांबला, पंखा थांबला, फ्रीजची गुणगुण थांबली. बॅटरीचा डबा ओरडू लागला, आणि त्याच्या जिवावर मशीन नव्वदीत घुमतच राहिलं. सगळ्या घरात तेवढं एकच चालू होतं.

आत्या उठून बैठकीत गेली. तिचा हात खटक्यावर गेलेला दारातून दिसला.

“थांबा, आत्या. ओढू नका.”

आत्या तशीच थांबली, हात वर करून. “काय झालं?”

टर्बो लावलेलं मशीन, फ्रीज आणि पंखा, तिन्ही मिळून तीन अँपिअरमध्ये बसणार नव्हते. खटका ओढला की अबू रहीमच्या पेटीतलं बटण उडणार. टर्बो उतरवायचा तर मशीन बंद करावं लागणार. पंखा आणि फ्रीज दोन्ही काढून ठेवले तर कदाचित चालेल. चित्राला एका चहाइतका वेळ हवा होता, फार तर दोन; नुसत्या बॅटरीवर मशीन तेवढं टिकणार नव्हतं. तेवढा वेळ पंख्याविना, बंद खोलीत, पाठीशी हा तंदूर.

तीबा जागी झाली. रडली नाही. तिने मान वळवली आणि छताकडे, थांबलेल्या पात्यांकडे बघत राहिली, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघावं. कपाळावर केस चिकटले होते.

“पोरी, ओढू की नको?” आत्या म्हणाली. आवाज वाढवला नव्हता. “हात भरून आला माझा.”

पडद्यावर छताची सोनेरी पट्टी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. एवढीशीच राहिली होती. इब्तिहालने ती एकदा बघितली, आणि बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. मशीन थांबलं. डब्याचं ओरडणं तिने पायाने बंद केलं.

“ओढा.”

खटका पडला. पंख्याचं पातं आधी आळसावल्यासारखं सरकलं, मग फिरू लागलं. तीबाने हात वर केले.

आत्या आत आली. आधी मशीनकडे गेली, वाकून त्याच्या जाळीवर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला. मग सुनेकडे बघितलं.

“झालं होतं?”

“जवळजवळ.”

“मग आता?”

“पहिल्यापासून.”

आत्याने ओढणीचं टोक माठाच्या पाण्यात भिजवलं आणि तीबाच्या मानेवर ठेवलं. इब्तिहालने ठेकेदाराला लिहिलं की वीज गेली, उशीर होईल. आपल्याकडे हे कारण सगळेच देतात, म्हणून कुणी मानत नाही. त्याने निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मोसूलच्या त्या मुलीकडे वीज असेल का, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, तिच्याकडेही कुणी तान्हं असेल. तिने फोन उपडा ठेवला आणि गादीच्या कडेला, तीबाच्या पायांशी, फरशीवर अंग टाकलं. फरशी तेवढी अजून गार होती.

डोळे मिटले आणि तिला आत्याचा आवाज ऐकू आला. आत्या मुहन्नदशी फोनवर बोलत होती. तो निघाला होता, वाटेत होता. आत्या त्याला सांगत होती की येताना टरबूज आण, बर्फ आण. मग पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं.

“कसलं मशीन?” आत्या म्हणाली. “गच्चीवर कशाला? एवढं जड धूड घेऊन जिना चढायचा आणि कंबर धरायची, मग शेकायला पुन्हा मीच आहे. वर उंदीर आहेत. तारा खातील.” थोडं थांबून ती म्हणाली, “तू ये आधी. जेव. बायको झोपलीय तुझी, मोठ्याने बोलू नकोस.”

इब्तिहालला म्हणायचं होतं, मी झोपले नाहीये. पण ओठ हलले नाहीत. अंगातलं एकेक हाड फरशीला टेकत गेलं. जूनपासून पहिल्यांदाच तिने तीबाकडे न बघता डोळे मिटून ठेवले. कुणीतरी दार नीट लोटून घेतलं आणि फटीला खालून गुंडाळलेलं फडकं लावलं, एवढं तिला कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता.

“ऊठ, पोरी. आली.”

एसी पुन्हा वाहत होता. तीबा आत्याच्या कडेवर बसून टरबुजाची साल चोखत होती. म्हणजे मुहन्नद आला होता. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. इब्तिहाल गोंधळून उठून बसली, गालावर फरशीचे वळ घेऊन.

“केव्हा आली? मला आधी का नाही उठवलं?”

“आत्ता आली. बसून काय राहिलीस?” आत्या म्हणाली. “लाव तुझं ते. वेगात लाव, मरू दे. जाईल परत.”

इब्तिहालने मशीन चालू केलं. कोपऱ्यातला आकडा चढू लागला. मोहल्ल्याच्या मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली आणि ठेकेदाराची वेळ संपली. तिने चित्र पहिल्यापासून लावलं.